जुन्या नाण्याच्या मशीनला कार्ड आणि क्यूआर जोडताना

कराडजवळच्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीबाहेर, माझं एक जुनं मशीन उभं आहे. बिस्किटं, चिवडा, चिक्की, ज्यूस, पाण्याच्या बाटल्या. बटण दाबलं की स्प्रिंग फिरते आणि माल खाली पडतो. वापरलेलं मशीन घेतलं तेव्हा त्यात फक्त नाण्यांची सोय होती. रात्री कॅन्टीन बंद झालं की सकाळपर्यंत त्या इमारतीत काही खायचं तर एवढंच.

एका रात्री अडकलेली स्प्रिंग सोडवायला गेले होते. दीड वाजून गेला असेल. पंचविशीतला एक मुलगा आला. वडील आयसीयूत, सकाळपासून पोटात काही नाही. हातात मोबाइल, खिशात पाचशेची एक नोट, सुटे पैसे नाहीत. सिस्टरना विचारलं, वॉचमनमामांना विचारलं, रिक्षा स्टँडवर जाऊन आला. मी माझ्या डब्यातली नाणी काढून दिली, पण मी तिथं रोज बसणार नव्हते. त्या आठवड्यात मशीनला कार्ड आणि यूपीआय जोडायचं काम हातात घेतलं. त्यानंतर अशी बरीच मशीनं केली. जे कळलं ते इथं लिहिते, म्हणजे तुमचे तेवढे दिवस वाचतील.

पहिल्यांदाच एक सांगते. काचेवर क्यूआरचा स्टिकर लावून वर आवाज करणारा स्पीकर ठेवला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. वडापावच्या गाडीवर ते चालतं, कारण स्पीकरचा आवाज ऐकून वडा हातात देणारा माणूस तिथं उभा असतो. मशीनजवळ कुणी नसतं. पैसे आले हे मशीनला स्वतःला कळलं पाहिजे, आणि माल पडला नाही हे पैसे घेणाऱ्या यंत्रणेला कळलं पाहिजे. बाकीची सगळी जोडणी या दोन गोष्टींसाठीच करायची.

आधी मशीन उघडून बघा

वायर विकत घ्यायच्या आधी दार उघडा आणि नाणी घेणाऱ्या युनिटवरचं लेबल वाचा. त्यावर एमडीबी असं लिहिलं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. एमडीबी ही वेंडिंग मशीनच्या आतली ठरलेली बोली आहे. मशीनचा मुख्य बोर्ड मालक. नाण्याचं युनिट, नोटेचं युनिट, कार्ड रीडर हे त्याचे गडी. मालक एकेकाला हाक मारतो आणि ज्याला हाक मारली तोच उत्तर देतो. नाण्याच्या युनिटचा पत्ता ०८, नोटेच्या युनिटचा ३०, कार्ड रीडरचा १०. हे आकडे सोळाच्या पायातले. पत्ते वेगळे असल्यामुळे सगळे एकाच केबलवर सुखानं नांदतात, आणि म्हणूनच कार्ड जोडण्यासाठी नाण्याचं युनिट काढावं लागत नाही.

लेबलवर एक्झिक्युटिव्ह असं लिहिलेलं असेल तर ती वेगळी बोली आहे, युरोपातून आलेल्या जुन्या कॉफी मशीनमध्ये दिसते. त्यासाठी ती बोली येणारा रीडर किंवा मधला अडॅप्टर लागतो. आणि काहीच लिहिलेलं नसेल, नाणं पडलं की नुसता एक ठोका जात असेल, तर ते पल्सचं मशीन. त्याची गोष्ट पुढे सांगते.

एमडीबीचा कनेक्टर सहा पिनचा असतो, तीन-तीनच्या दोन ओळी. प्लॅस्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, बॅटरीच्या उजेडात दिसतात. एक नंबरवर डीसी पॉझिटिव्ह, दोनवर निगेटिव्ह, तीन रिकामी. चार आणि पाचवरून बोलणं चालतं आणि सहा त्या बोलण्याची कॉमन. मल्टीमीटर एक आणि दोनवर लावा. मानकाप्रमाणे तिथं २० ते ४२.५ व्होल्टच्या मध्ये काहीतरी मिळायला हवं. ३४ हा नेहमीचा आकडा. माझ्या मशीनमध्ये ३१ मिळाले, चालले.

पण एवढ्यावर थांबू नका. स्प्रिंगची मोटर फिरवा आणि त्या क्षणी मीटर परत वाचा. जुन्या मशीनचे कपॅसिटर थकलेले असतात, मोटर फिरली की व्होल्टेज खाली बसतं. रीडरच्या पोटात फोरजी मोडेम असतो आणि सिग्नल शोधताना तो एकदम करंट ओढतो. दोन्ही एका वेळेला झालं की रीडर बंद पडून परत सुरू होतो, तेही गिऱ्हाइकाचे पैसे कापून झाल्यावर. एका आयटीआयच्या मशीनमध्ये मी हे तीन दिवस शोधत होते. शेवटी पॉवर सप्लायचे दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि प्रश्न मिटला.

प्लग भिंतीतून काढल्याशिवाय एकही कनेक्टर लावू नका, काढू नका. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, कारण कुठल्या इमारतीत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल याचा नेम नाही. अर्थिंगही तपासा. माणसं ओल्या हातानं लोखंडी दाराला हात लावणार आहेत.

रीडर कोणता घ्यावा

कार्ड वाचणारा भाग घरी बनवायचा नाही. मला ईएसपी३२ बोर्डाचा, म्हणजे प्रोग्राम घालून वापरायच्या छोट्या बोर्डाचा, नाद आहे, मी त्यावर पुष्कळ काही करते. पण लोकांच्या कार्डाची माहिती माझ्या हातच्या सर्किटमधून जाऊ देणार नाही. बँकेनं किंवा पेमेंट कंपनीनं प्रमाणित केलेला, एमडीबीवर चालणारा, तयार रीडरच घ्या. घेताना तीन प्रश्न विचारा. पडद्यावर दर वेळी नवा, रकमेसकट क्यूआर येतो का? माल पडला नाही तर पैसे आपोआप परत जातात का? सर्व्हर बंद पडला तर रीडर नाण्याचा व्यवहार अडवतो का? पहिल्या दोनांना हो आणि तिसऱ्याला नाही असं उत्तर आलं तरच पुढं बोला.

पिन दाबायला बटणं नसलेला रीडर चालेल का, असं मला खूप जण विचारतात. चालतो. १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसतं टेकवून, पिन न घालता पैसे देता येतात, आणि आपल्याकडं पन्नासच्या वरची वस्तू क्वचितच. अडचण दुसरीकडेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्ड येतं तेव्हा टॅपची सोय बंद असते, ती आपण बँकेच्या अॅपमधून चालू करायची असते. ज्यांनी ती चालू केलेली नाही त्यांचं कार्ड रीडर नाकारतो आणि त्यांना वाटतं मशीन बिघडलं. मी रीडरच्या खाली मराठीत तेवढं एक वाक्य चिकटवलंय. त्यानंतर 'मशीन कार्ड घेत नाही' म्हणून येणारे फोन एकदम कमी झाले.

खर्चाचं थोडक्यात. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर २०२० च्या जानेवारीपासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे बँकेची टक्केवारी, द्यावी लागत नाही. क्रेडिट कार्डावर ती कापली जाते. रीडरचं भाडं, सिमचा रिचार्ज आणि सर्व्हरची फी वेगळी, ती करारात नीट वाचा. ही भर गिऱ्हाइकावर टाकता येत नाही हे ध्यानात ठेवा. पाकिटावर २० रुपये एमआरपी छापली असेल तर कार्डानं दिले म्हणून २१ घेणं बेकायदा आहे. एका मशीनला हे परवडत नसेल तर नका करू, किंवा दोन-तीन मालकांनी मिळून करार करा.

बसवणं

बहुतेक स्नॅक मशीनच्या दारावर नाण्याच्या फटीजवळ एक आयताकृती पत्रा चार स्क्रूंनी लावलेला असतो. ती नोटेच्या युनिटची जागा. परदेशातून आलेल्या मशीनमध्ये नोटेचं युनिट काढून तिथं पत्रा ठोकलेला असतो. बरेचसे रीडर त्याच मापात बसतात. दार कापायच्या आधी तो पत्रा काढून बघा. कापावंच लागलं तर मागे कुठली वायर जाते ते हातानं चाचपून घ्या, आणि लोखंडाचा कीस खालच्या बोर्डावर पडू नये म्हणून ओलं फडकं लावा.

उंचीचा विचार करा. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात पोचला पाहिजे. हॉस्पिटलमध्ये हा विचार मी पहिल्यांदा केला नव्हता; तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाखवून दिल्यावर रीडर खाली घेतला.

केबलचं काम सोपं आहे. बोर्डाकडून येणारी केबल नाण्याच्या युनिटमधून सोडवायची, ती रीडरच्या केबलला लावायची आणि रीडरच्या दुसऱ्या तोंडाला नाण्याचं युनिट जोडायचं. कनेक्टर उलटा बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नका, तुम्ही चुकताय. दार उघडताना-मिटताना केबल चेपणार नाही एवढी ढिली ठेवा आणि बिजागरीजवळ टायनं बांधा.

अँटेना मशीनच्या आत ठेवू नका. ती लोखंडी पेटी आहे, त्यात फ्रीजचा पत्रा. तळमजल्यावर एक्स-रेच्या शिशाच्या भिंतींशेजारी माझा सिग्नल आत उणे १०८ डीबीएम होता (हे सिग्नलचं माप, शून्याच्या जेवढं जवळ तेवढं चांगलं). चुंबकाची अँटेना मशीनच्या डोक्यावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवली तर उणे ८६ झाला. उणे शंभराच्या खाली सरकला की व्यवहार लटकायला लागतात. सिम घेण्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन त्या जागी उभं राहा, आणि रात्रीही एकदा जा.

किमतीचं माप

इथं मी चुकले. पहिल्या दिवशी २० रुपयांच्या चिक्कीचे २ रुपये कापले गेले, आणि संध्याकाळपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण असं. एमडीबीवर 'वीस रुपये' असा शब्द जात नाही, नुसता एक आकडा जातो. त्या आकड्याचा अर्थ दोन गोष्टी ठरवतात: एक गुणक आणि दशांशाची घरं. गुणक १०० आणि घरं २ असतील तर १ म्हणजे एक रुपया. गुणक १० आणि घरं २ असतील तर १ म्हणजे दहा पैसे. रीडर सुरू होताना आपलं माप बोर्डाला सांगतो आणि बोर्डानं त्याप्रमाणे किंमत पाठवायची असते. जुने बोर्ड तसं करत नाहीत. माझा बोर्ड नाण्याच्या युनिटचंच माप धरून बसला होता. त्यानं २० पाठवले, रीडरनं त्याचे दोन रुपये केले.

म्हणून रीडरचं माप नाण्याच्या युनिटशी जुळवून घ्या. देशाचा कोडही तपासा. चलनाच्या हिशोबानं भारताचा १३५६. मग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग अशा दोन वस्तू स्वतःच्या पैशानं काढा आणि बँकेचा मेसेज पाकिटावरच्या किमतीशी ताडून बघा. एकच वस्तू तपासून समाधान मानू नका.

आधी वस्तू, मग पैसे

नाण्याच्या मशीनची सवय उलटी असते: आधी नाणी टाका, मग बटण दाबा. क्यूआरला ते जमत नाही, कारण क्यूआरमध्ये रक्कम घालायची तर वस्तू आधी कळली पाहिजे. एमडीबीच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये यासाठी 'ऑलवेज आयडल' नावाची सोय आहे. ती रीडरमध्ये आणि बोर्डमध्ये, दोन्हीकडे चालू करावी लागते. मग गिऱ्हाईक २४ नंबर दाबतं, बोर्ड रीडरला '२४ नंबर, वीस रुपये, देऊ का?' असं विचारतो, रीडर क्यूआर दाखवतो किंवा कार्ड मागतो, पैसे आले की 'दे' म्हणतो.

बोर्ड फारच जुना असेल, ही सोय नसेल, तर दोन वाटा. बोर्ड बदला, किंवा मशीनमध्ये सगळा माल एकाच किमतीचा ठेवा आणि रीडरला तेवढीच रक्कम घ्यायला सांगा. मी एका बस स्टँडच्या मशीनला दुसरी वाट धरली. सगळं दहा रुपये एमआरपीचं. मालाची निवड थोडी कमी झाली, पण पैशांचा घोळ एकही झाला नाही.

आता वेळेचं. हा भाग सावकाश वाचा, कारण भांडणं इथंच होतात. बोर्ड रीडरच्या उत्तराची किती सेकंद वाट बघेल हे रीडरच सुरुवातीला सांगतो. ही वेळ नुसत्या कार्डाच्या हिशोबानं ठेवलेली असली तर फार कमी पडते. कार्ड टेकवायला दोन-चार सेकंद पुरतात. क्यूआरचं तसं नाही. माणूस खिशातून फोन काढतो, अॅप उघडतो, स्कॅन करतो, पिन घालतो, मग बँक विचार करते. आजोबा असतील तर चष्मा शोधतात. तोवर बोर्डानं व्यवहार रद्द केला तर पैसे जातात आणि माल येत नाही.

मी बोर्डाची वाट बघायची वेळ १२० सेकंद ठेवते आणि क्यूआरची मुदत ९० सेकंद. क्यूआर आधी मेला पाहिजे, मशीन नंतर. हे उलटं कधीही करू नका. तरीही कुणी ८८ व्या सेकंदाला स्कॅन करून शंभराव्या सेकंदाला पिन घालतंच, आणि बँकेचं उत्तर मशीन रद्द झाल्यावर पोचतं. अशा उशिरा आलेल्या पैशांचा परतावा सर्व्हरनं माणसाला न विचारता, आपोआप करायला हवा. रीडर देणाऱ्याकडून हे लेखी घ्या आणि स्वतः मुद्दाम उशीर करून तपासा. मी घड्याळ लावून दहा वेळा तपासलं.

कधी पैसे खात्यातून जातात आणि आपल्या बाजूला काही खबरच येत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाचा फोन आला की हे मी शांतपणे सांगते आणि व्यवहाराचा नंबर लिहून घेते.

माल पडला का?

जुन्या मशीनला माल पडला हे कळत नाही. स्प्रिंगचा एक फेरा पूर्ण झाला की एक छोटा स्विच दाबला जातो आणि बोर्ड समजतो, दिलं. चिवड्याचं पाकीट काचेला टेकून लोंबत राहिलं तरी त्याच्या लेखी व्यवहार यशस्वी. नाण्यांच्या काळात माणसं मशीन हलवायची, लाथ मारायची. एवढ्या वजनाचं मशीन अंगावर येऊ शकतं, त्यामुळे हे अजिबात होऊ देता कामा नये.

म्हणून ड्रॉप सेन्सर लावा. खाली माल पडायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना इन्फ्रारेडच्या पट्ट्या असतात. काही आडवं गेलं की बोर्डाला कळतं. बऱ्याच बोर्डांवर त्याचा सॉकेट असतो, मेनूत तो चालू करायचा राहिलेला असतो. सेन्सर लागला की बोर्ड रीडरला 'माल गेला नाही' असा निरोप देऊ शकतो आणि रीडर पैसे परत फिरवतो. माझ्या मते ज्या मशीनला सेन्सर बसत नाही त्याला कार्ड जोडू नये. नाणं अडकलं तर माणूस पाच रुपयांना मुकतो. खात्यातून पैसे गेले आणि हातात काही आलं नाही, तेही रात्री दोनला, दवाखान्यात, तर त्याला जे वाटतं ते पाच रुपयांपुरतं नसतं.

तपासायची युक्ती सोपी आहे. एक स्प्रिंग रिकामी ठेवा, तोच नंबर दाबा, पैसे द्या. माल नसल्यामुळे काही पडणार नाही. परतावा आला पाहिजे. चिक्कीचं हलकं पाकीट आणि पाण्याची बाटली दोन्ही टाकून बघा, कारण हलकी वस्तू किरणांच्या मधून निसटू शकते. तसं झालं तर पट्टी थोडी खाली-वर करा.

पल्सचं मशीन: पॅडची पेटी

मुलींच्या एका ज्युनिअर कॉलेजमध्ये सॅनिटरी पॅडचं मशीन होतं. भिंतीवरची पेटी, पाचचं नाणं टाकलं की एक पॅड. तिथल्या बाईंनी बोलावलं, म्हणाल्या, "ताई, हे नवीन नाणं घेतच नाही." बघितलं तर नाणं तपासणारा भाग नमुन्याशी तुलना करणारा होता: आत एक नमुन्याचं नाणं अडकवायचं, पडणारं नाणं तसंच असेल तर घ्यायचं. २०११ च्या मालिकेतलं पाचचं नाणं २३ मिलिमीटरचं, सहा ग्रॅमचं. २०१९ च्या मालिकेतलं २५ मिलिमीटरचं, ६.७४ ग्रॅमचं. नमुना एकच ठेवता येतो, म्हणून अर्ध्या मुली रिकाम्या हातानं परत जायच्या. आणि नवीन दोनचं नाणंही २३ मिलिमीटरचंच आहे, त्यामुळे नुसत्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. तिथं मी आधी अनेक नाणी शिकवता येतात असा बारा व्होल्टचा कॉइन अॅक्सेप्टर बसवला आणि मग त्याच्या शेजारी क्यूआर.

पल्सच्या मशीनमध्ये कॉइनची वायर शांत असताना वर असते आणि नाणं पडलं की क्षणभर खाली येते. आपण दुसऱ्या बाजूनं तोच ठोका द्यायचा. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची, समोरची वायर पाच किंवा बारा व्होल्टची. सरळ जोडली तर बोर्ड जळतो. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकप्लर, म्हणजे दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवून उजेडानं निरोप पोचवणारा छोटा भाग, घाला: पिनकडून २२० ओहमचा रेझिस्टर त्याच्या एलईडीला, पलीकडे कलेक्टर कॉइनच्या वायरला आणि एमिटर मशीनच्या ग्राउंडला. ठोक्याची लांबी अॅक्सेप्टरच्या ठोक्याएवढी ठेवा. त्यावर तीन लांब्यांचा बारीक स्विच असतो. मी ५० मिलिसेकंद ठेवले.

एक धोका आहे. ईएसपी३२ च्या काही पिन बोर्ड सुरू होताना आपोआप वर-खाली होतात. अशी पिन निवडली तर दर वेळी लाइट गेली आणि आली की एक पॅड फुकट पडतो. पिन बदला आणि ग्राउंडला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावा, मग मेन स्विच वीस वेळा बंद-चालू करून बघा. पैसे आल्याची खबर पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून, तिची डिजिटल सही तपासूनच घ्यायची. फोनवर आलेला एसएमएस वाचून ठोका देणारी जुगाडं लोक करतात. तसला एसएमएस कुणीही पाठवू शकतो, ते करू नका.

त्या कॉलेजात अकरावीच्या मुली वर्गात फोन आणत नाहीत. त्यामुळे क्यूआरनं सगळ्यांची सोय झाली नाही. बाईंनी नाण्याच्या मापाची टोकनं ऑफिसमध्ये ठेवली, मागेल तिला देतात, पैसे विचारत नाहीत. अॅक्सेप्टरला ते टोकन शिकवायला मला पाच मिनिटं लागली.

नाणी तशीच राहू द्या

कार्ड लागलं की नाण्याचं युनिट काढून टाकावं, साफसफाई वाचेल, असं सुचवणारे भेटतात. मी काढत नाही. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या आजी मी हॉस्पिटलमध्ये बघितल्यात. चंची सोडतात, त्यातून पाचची चार नाणी मोजून काढतात. त्यांच्याकडं फोन आहे तो बोलण्यापुरता. त्यांचीही भूक तेवढीच खरी आहे.

दहाच्या नाण्याबद्दल आजही दुकानदार कुरकुर करतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत जाहीर केलं होतं की तोवर निघालेल्या दहाच्या नाण्यांचे चौदाही प्रकार चालतात. माझं मशीन ती घेतं. नवीन प्रकारचं नाणं दिसलं की युनिटला शिकवून ठेवते. कार्ड आल्यावर लोक नाणी कमी टाकतात, म्हणून सुटे परत द्यायच्या नळ्या लवकर रिकाम्या होत नाहीत, पण नाणी साचून काळी पडतात. महिन्यातून एकदा नळ्या काढून कोरड्या फडक्यानं पुसा. रीडरच्या काचेला सॅनिटायझर लावू नका, पडदा धुरकट होतो आणि क्यूआर स्कॅन होत नाही.

शेवटी दारावर एक कागद लावा. माझ्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी आहेत: आधी वस्तूचा नंबर दाबा. मग नाणी टाका, कार्ड टेकवा किंवा क्यूआर स्कॅन करा. माल पडला नाही तर पैसे परत येतील. नाही आले तर या नंबरवर कधीही फोन करा. त्याखाली माझा नंबर. रात्रीचा फोन उचलायची तयारी नसेल तर 'कधीही' हा शब्द लिहू नका. परवा पावणेतीनला एक फोन आला होता, ज्यूसचा डबा अडकला होता आणि परतावा आला की नाही ते त्या बाईंना कळत नव्हतं. मी लॅपटॉपवर बघून सांगितलं, परत गेलाय, दुसरा नंबर दाबा. त्या लाइनवर थांबल्या. डबा खाली पडल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.